पाचोळा कोण उचलतो?

माघ महिना जवळ आला की वसईतील देशी बदामाच्या झाडांना रंग चढतो. हिरवी पाने आधी पिवळी, मग तांबडी होतात आणि एके दिवशी सकाळी अंगणात पाहावे, तो पानांचा सडा पडलेला असतो. बदामाचे आटोपते न आटोपते तोच पिंपळ सुरू होतो. युरोप-अमेरिकेत पानगळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, कारण तिथल्या झाडांना पुढे येणाऱ्या कडक थंडीला तोंड द्यायचे असते. आपल्याकडील झाडांपुढे प्रश्न असतो तो पाण्याचा. पाऊस संपून तीन-चार महिने झालेले असतात, जमिनीतील ओल उतरत चाललेली असते. अशा वेळी पानांतून बाष्परूपाने पाणी उडवत बसणे झाडाला परवडत नाही. म्हणून ते पाने टाकून मोकळे होते.

झाडाचा प्रश्न सुटतो आणि आपला सुरू होतो. या पानांचे करायचे काय?

आमच्या सोसायटीच्या आवारात बदामाची चार झाडे, एक पिंपळ आणि दोन आंबे आहेत. झाडलोट करणाऱ्या मावशी सकाळी सातला येतात आणि खराट्याने सगळा पाचोळा मागच्या भिंतीशी नेतात. पूर्वी त्या ढिगाला शेवटी काडी लावली जाई. दवाने ओलसर झालेली पाने धड पेटत नसत. तासभर नुसती धुमसत राहत. तिसऱ्या मजल्यावर दम्याचा त्रास असलेला नववीतला एक मुलगा राहतो. एका सकाळी धुरामुळे त्याला एवढी धाप लागली की शाळा सोडून दवाखाना गाठावा लागला. मग सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला.

एका सभासदांनी पाचोळा ओढून घेणाऱ्या विजेच्या यंत्राचे चित्र सर्वांना दाखवले. परदेशात बागा असलेली कुटुंबे असे यंत्र सर्रास वापरतात. आता ते आपल्याकडेही मिळते. “दहा मिनिटांत आवार साफ!” ते म्हणाले. दुसऱ्यांनी लगेच पुस्ती जोडली, “मग मावशींना अर्धाच वेळ बोलावू. पगारही अर्धा.” सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मी मान डोलावली आणि म्हणालो, “तत्त्व अगदी साधे आहे, चालेल की.” मावशी तेव्हा दाराशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि त्या कप घेऊन आत गेल्या.

त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा ध्यानात आले, की आपण गणित न करताच उत्तर दिले आहे. विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याचे गुण कापले असते! ते राहून गेलेले गणित आज तुमच्यापुढे मांडतो.

यंत्राच्या पोटात काय असते?

या यंत्राला हत्तीच्या सोंडेसारखी एक रुंद नळी असते. नळीच्या वरच्या टोकाला मोटर आणि तिच्या आसावर एक पंखा. हा पंखा घरातील छताच्या पंख्यासारखा नसतो. त्याची पाती हवेला फिरवून कडेला भिरकावतात, म्हणून त्याला केंद्रोत्सारी पंखा म्हणतात. हवा कडेला फेकली गेली की मधोमध हवेचा दाब कमी होतो. नळीबाहेरील हवेचा दाब मात्र तेवढाच असतो. साहजिकच बाहेरची हवा नळीत घुसते आणि वाटेत येणारी पाने बरोबर आणते. पंख्याची पाती पानांचा चुरा करतात आणि तो चुरा मागे लावलेल्या कापडी पिशवीत जमा होतो.

म्हणजे यंत्र पान ‘ओढते’ असे आपण म्हणतो खरे, पण पानाला ढकलते ती बाहेरची हवा. हवेला दोरी बांधून ओढता येत नाही. एका जागी दाब कमी करायचा आणि बाकीच्या हवेने आपल्या दाबाने तिकडे धाव घ्यायची, एवढेच शक्य आहे. सरबताच्या नळीतून सरबत वर येते तेही असेच.

यंत्राच्या नावात ‘व्हॅक्यूम’, म्हणजे निर्वात, असा भारदस्त शब्द असला तरी आत निर्वात वगैरे काही होत नाही. विजेवरील मध्यम आकाराचे यंत्र घेऊ. ते मिनिटाला १२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.२ घनमीटर हवा आत घेते असे धरू. नळीचा व्यास १२ सेंटिमीटर असेल, तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर होते. भागाकार केला की नळीच्या तोंडाशी हवेचा वेग येतो सेकंदाला सुमारे १७.७ मीटर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटर. स्थिर हवेला एवढा वेग देण्यासाठी दाबात किती फरक लागतो? बर्नुलीच्या नियमानुसार, घनता × वेगाचा वर्ग ÷ २. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर उत्तर येते सुमारे १९० पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल असतो. म्हणजे हा फरक त्याच्या पाचशेव्या हिश्श्यापर्यंत जेमतेम पोहोचतो!

एका वितीचा प्रश्न

ताशी ६४ किलोमीटरचा वारा म्हणजे चांगले वादळ. मग मी का चिंतेत पडलो? कारण हा वेग फक्त नळीच्या तोंडाशी असतो.

आधी एक गंमत करून पाहा. तळहात तोंडासमोर एक वीत अंतरावर धरा आणि ओठांचा चंबू करून फुंकर मारा. वारा स्पष्ट लागतो. आता हात तिथेच ठेवून, ओठ तसेच ठेवून श्वास जोराने आत घ्या. हाताला काही जाणवले? काहीच नाही. हवा तेवढीच, ओठ तेच, मग फरक कुठला?

फुंकर मारताना हवा एका दिशेने झोतासारखी जाते; तिच्या अंगी गती असते, ती सरळ पुढे धावते. श्वास घेताना मात्र ओठांकडे कोणत्या हवेने यायचे याचे काही बंधन नसते. समोरची येते, वरची येते, खालची येते, गालांच्या बाजूचीही येते. यंत्राचेही तसेच. नळीच्या तोंडाभोवती १२ सेंटिमीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोल कल्पा. आत शिरणारी सारी हवा त्या गोलाच्या संपूर्ण पृष्ठभागातून येते. गोलाचे क्षेत्रफळ तुम्हांला ठाऊक आहे: ४ × पाय × त्रिज्येचा वर्ग. ते येते सुमारे १८१० चौरस सेंटिमीटर, म्हणजे नळीच्या तोंडाच्या बरोबर १६ पट. म्हणून तिथे हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या सोळाव्या हिश्श्याइतका, सेकंदाला १.१ मीटर एवढाच उरतो. अंतर दुप्पट केले, २४ सेंटिमीटर, की वेग आणखी चौपट घटून ०.२८ मीटर. हा हिशेब ढोबळ आहे, जवळची जमीन आणि नळीची कड यांमुळे त्यात थोडा फरक पडतो. पण वेग अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, ही मुख्य गोष्ट त्यातून कळते.

वायुवीजनाची कामे करणारे अभियंते एक अडाखा सांगतात. फुंकलेल्या झोताचा वेग दहाव्या हिश्श्यावर यायला नळीच्या व्यासाच्या सुमारे ३० पट अंतर जावे लागते. ओढणाऱ्या नळीपुढे मात्र तो व्यासाएवढ्या अंतरातच तितका खाली येतो. पाने उडवणारे यंत्र दुरून काम करते आणि पाने ओढणाऱ्या यंत्राला त्यांच्या तोंडाशी जावे लागते, ते यामुळेच.

ओढणाऱ्या यंत्राचा जन्मही फुंकणाऱ्या यंत्रापासूनच झाला आहे. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये दाबलेल्या हवेने धूळ उडवणारे यंत्र पाहिले. धूळ उडत होती आणि फिरून तिथेच बसत होती. बूथने रुमाल आसनाच्या कापडावर ठेवून तोंडाने हवा आत ओढून पाहिली. रुमालावर धुळीचा डाग उमटला. त्याच वर्षी त्याने ओढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचे अवाढव्य यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यात उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. बूथने रुमालाला ओठ अगदी टेकवले होते, हे मात्र विसरू नका.

पान, वाळू आणि खळे

आता पान उचलायला हवेचा किती वेग लागतो ते पाहू. भात झोडल्यावर शेतकरी वाऱ्यावर ते उफणतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भरलेला दाणा पायाशी पडतो, पळींज आणि भूस दूर उडते. प्रत्येक पडणाऱ्या वस्तूचा हवेत एक अंतिम वेग असतो. हवेचा विरोध आणि वजन यांची बरोबरी झाली की वस्तू त्या वेगाने पडत राहते. वरच्या दिशेने तेवढाच वारा असेल, तर वस्तू अधांतरी तरंगेल. त्याहून अधिक असेल, तर वर जाईल. आपल्या आजोबा-पणजोबांनी ‘अंतिम वेग’ हा शब्द ऐकला नव्हता, पण त्या तत्त्वावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धान्य साफ केले.

बदामाचे एक वाळलेले पान मी तोलून पाहिले: ३ ग्रॅम. आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजले: सुमारे १८० चौरस सेंटिमीटर. हिशेबाने त्याचा अंतिम वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास येतो. म्हणजे नळीचे तोंड पानापासून चार बोटांवर असेल तर पान उचलले जाईल, कारण तिथे वेग अडीच-पावणेतीन मीटर असतो. पण एक वीत अंतरावर तो अर्ध्या मीटरहूनही कमी होतो. तिथले पान जागचे हलणार नाही.

दवाने भिजून पानाचे वजन दुप्पट झाले, तर लागणारा वेग दोनच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे १.४ पट वाढतो. शिवाय पान आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. पृष्ठताणामुळे तो पानाला जमिनीशी चिकटवून ठेवतो, तो त्रास वेगळाच.

वसईत आणखी एक पेच आहे. आमच्या किनारपट्टीची जमीन रेताड. ०.२ मिलिमीटर जाडीच्या वाळूच्या कणाचा अंतिम वेग किती असावा? तोही सेकंदाला दीड मीटरच्या आसपासच! म्हणजे जो वारा पान उचलील, तो ही बारीक वाळूही उचलणार. खळ्यावर वारा दाणा आणि भूस वेगळे करतो. इथे मात्र पान आणि वाळू यांत त्याला भेद करता येत नाही. वाळू पंख्यावर आदळून पाती झिजवते आणि बारीक धूळ पिशवीच्या विणीतून पुन्हा बाहेर येते.

आवारातली परीक्षा

पुढच्या सभेत हे गणित सांगितले, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “सर, कागद राहू द्या, एक दिवस यंत्रच आणू या.” त्यांचे म्हणणे रास्त होते. विज्ञानात अखेरचा शब्द प्रयोगाचा. एका रविवारी भाड्याने यंत्र आले.

पहिला धडा बटण दाबण्याआधीच मिळाला. यंत्राच्या पाटीवर २५०० वॅट लिहिले होते. २५०० भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. पहारेकऱ्याच्या खोलीतील साधा सॉकेट ६ अँपिअरचा. पंपाच्या खोलीतील १६ अँपिअरच्या सॉकेटपासून जाड वायर ओढावी लागली.

सकाळी साडेसातला ओल्या फरशीवर यंत्र चालवले. सुटी पाने निम्मीशिम्मी आली, बाकीची चिकटून बसली. मागच्या मातीच्या पट्ट्यात पानांपेक्षा रेतीच जास्त आली. पण अकरा वाजता ऊन्हाने पाने कडकडीत वाळली आणि मावशींनी केलेल्या ढिगाला नळी टेकवली, तेव्हा सगळा ढीग बघता बघता नाहीसा झाला. भिंतीशी कमरेइतका उंच दिसणारा पाचोळा चुरा होऊन पिशवीच्या तळाशी बसला. वाळकी, वळलेली पाने एकमेकांवर पडली की मध्ये हवाच हवा राहते. चुरा झाला की ती हवा निघून जाते.

मावशी खराटा टेकून सगळे पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “सर, ढीग तर मलाच करायचा आहे. मग याने माझे काम अर्धे कसे झाले?”

माझ्या दोन पानांच्या गणिताचे सार त्यांनी दोन वाक्यांत सांगितले होते.

खराट्याचे भौतिकशास्त्र पाहा. माडाच्या झावळीचे शेकडो हीर, प्रत्येक जणू एक लवचीक स्प्रिंग. फरशीच्या खाचेत ते वाकून शिरतात, ओल्या पानाच्या कडेखाली घुसतात, रेती मागे ठेवून पान पुढे ढकलतात. ही ढकल थेट स्पर्शाची आहे. अंतराच्या वर्गाचा नियम तिला लागू नाही. माणूस सतत काम करताना सुमारे ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. यंत्र विजेच्या तारेतून २५०० वॅट घेते. आपल्या हिशेबात सेकंदाला ०.२४ किलोग्रॅम हवा नळीच्या तोंडातून १७.७ मीटर वेगाने जाते. तिची गतिज ऊर्जा काढली, तर तोंडाशी पाने उचलणाऱ्या वाऱ्याच्या वाट्याला येतात जेमतेम ३८ वॅट. बाकीची शक्ती हवेची घुसळण, पानांचा चुरा, पिशवीतून हवा बाहेर ढकलणे, उष्णता आणि आवाज यांत जाते.

आवाजाचेही सांगायला हवे. अशा यंत्राजवळ आवाज १०० डेसिबेलच्या घरात जाऊ शकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल ठरवली. फरक ४५ डेसिबेलचा वाटतो खरा, पण दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दसपट होते; म्हणजे हा फरक तीस हजार पटींहून अधिक आहे. पाने उडवणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटाला कंटाळून कॅलिफोर्नियातील कार्मेल या गावाने १९७५ सालीच त्यांवर बंदी घातली होती.

धूर खालीच का रेंगाळतो?

मग पूर्वीसारखी काडीच लावावी का? मुळीच नाही. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा थंड आणि जड होते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते. या उलट्या रचनेला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. अशा वेळी जड हवा वर चढत नाही आणि तिच्यात सोडलेला धूर पांघरुणाखाली कोंडल्यासारखा खालीच पसरतो. सकाळी सात-आठला वसईच्या वाड्यांवर धुराचा सपाट थर दिसतो तो यामुळे. उन्हे तापून समुद्रावरचा वारा सुटेपर्यंत तो हलत नाही. त्यातच ओली पाने अर्धवट जळतात. कार्बन मोनॉक्साइड आणि अडीच मायक्रॉनहूनही बारीक कण त्यातून निघतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून हे कण फुप्फुसात किती खोल जात असतील याची कल्पना करा. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने तो जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला.

आमच्याकडच्या जुन्या वाडीवाल्यांना पाचोळा हा कचरा वाटतच नसे. केळीच्या आणि माडाच्या बुंध्याशी तो पसरला, की ऊन जमिनीला थेट लागत नाही, ओल टिकते आणि पावसाळ्यात त्याची माती होते. अडचण एवढीच, की अख्खे पान कुजायला वेळ घेते. त्याच्या पृष्ठभागावर मेणासारखा थर असतो. पानाचा चुरा केला, की कडा उघड्या पडतात आणि सूक्ष्म जीवांना आत शिरायला हजारो वाटा मिळतात. पाचोळ्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन थोडा. म्हणून त्यात शेण किंवा स्वयंपाकघरातील ओला कचरा मिसळावा लागतो.

आणि इथेच यंत्राला आपली खरी जागा सापडली. गोळा करायला खराटा, चुरा करायला यंत्र! सोसायटीने यंत्र विकत घेतले नाही. पानगळीत पंधरा दिवसांतून एकदा, दुपारी, ते भाड्याने येते. कानांना संरक्षक आणि तोंडाला मास्क लावून, पदर खोचून ते चालवतात त्या मावशीच. दोन दगड पंख्यात गेल्यावर ढीग आधी कसा चाळायचा ते त्यांनीच आम्हांला शिकवले. चुरा मागच्या खड्ड्यात जातो. मावशींचा पगार पूर्ण आहे. यंत्राच्या दिवसाचे पैसे वेगळे. भिंतीवरचा काजळीचा डाग अजून आहे, पण यंदा तो वाढलेला नाही. नववीतला मुलगा दहावीत गेला आहे आणि खड्ड्यातील तापमान रोज सकाळी तोच मोजतो. ढिगाच्या पोटात एकदा ५८ अंश सेल्सिअस भरले, तेव्हा तो ते सांगायला धावत माझ्या घरी आला होता.

करून पाहा

बदाम, पिंपळ आणि आंबा यांचे एकेक वाळलेले पान घ्या. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तीन मीटर उंचीवरून एकेक पान सोडा आणि जमिनीवर पोहोचायला लागणारा वेळ मोजा. प्रत्येक पानाची दहा मापे घेऊन सरासरी काढा. मग तीच पाने भिजवून पुन्हा मोजा. कोणते पान उचलायला यंत्राला सर्वांत सोपे जाईल?

शिक्षकांनी हा प्रयोग मैदानावर घेतला, तर गतीचा पाठ मुलांच्या कायम स्मरणात राहील. आणि प्रयोग संपल्यावर ती पाने जाळू नका. शाळेच्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन टाका.